डीडी, वय सहा

"तुम्ही माझ्या मेलेल्या मुलीचं वय वाढवताय!" शिंप्याने पालकांच्या वेबसाइटवाल्यांना फोनवरच झापलं. बायको काजबटणाचं काम उरकलं की त्या वेबसाइटवर इतर आयांशी गप्पा मारायची. डीडी, डीएस, डीएच... त्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. आज बहिणीने उलगडून सांगितलं, "दादा, डीडी म्हणजे डिअर डॉटर, लाडकी लेक." लेक चार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला दोन वर्षं झाली. आणि बायकोच्या नावाखाली झळकत होतं, 'डीडी, वय सहा'. फोनवरची बाई म्हणाली, "वय आपोआप वाढतं हो, दर वाढदिवसाला. पुसून टाकू?" तो "टाका" म्हणणार, तेवढ्यात बायकोने फोन हिसकावून बंद केला. तिच्या काखेत पिवळं कापड होतं. "एवढे शिंपी म्हणवता ना?" ती फणकारली. "सांगा, आपल्या सहा वर्षांच्या लेकीच्या फ्रॉकची उंची किती धरू?"