वाटणीनंतरचा भाव

"हे रेघ इथं धपकन खाली काऊन आली?" लखनलालने कागदावर बोट रोवलं.

ओसरीवरचे पाहुणे पोहे चावायचे थांबले. धनेंद्र मुलगी पाहायला आला होता. पण मुलगी अजून आतच होती आणि पाहणी चालली होती त्याच्या कंपनीची.

मागचे भाव पाहिल्याशिवाय लखनलालने आयुष्यात धानाचं एक पोतं विकलं नव्हतं. मग पोरगी काय अशीच द्यायची? २००७ साल होतं, शेअरबाजार दवनीवाड्यासारख्या गावातल्या पानठेल्यापर्यंत पोचला होता. त्याने निरोप धाडला, पत्रिका राहू द्या, पोरगा नागपूरला ज्या पंपाच्या कंपनीत आहे तिच्या शेअरचे मागचे भाव घेऊन या. बिचाऱ्या धनेंद्रने गोंदियाच्या सायबर कॅफेत घाम गाळून सगळ्या वर्षांचा आलेख छापून आणला.

आलेख सुरुवातीला झकास होता. रेघ चढत चढत साडेबाराशेपर्यंत गेली होती. तिथून मात्र ती एका दिवसात अडीचशेवर आली होती, विहिरीत बादली सुटावी तशी.

"एका दिवसात हजार रुपये बुडवले," लखनलाल म्हणाला. "अशी कंपनी उद्या पोराले घरी बसवन. मंग माह्या पोरीनं खावं काय, पंप?"

दाराआड मुलगी, उर्वशी, कान लावून उभी होती. केशोरी गावच्या एका लग्नात या मुलाने तिला वाढताना अर्धी कढी स्वतःच्या पायावर सांडली होती आणि तरी हसत उभा राहिला होता. करायचा तर हाच, असं तिने तेव्हाच ठरवलं होतं. आता तो एका रेघेपायी हातचा जात होता.

"काकाजी, कंपनी पडली नाही," धनेंद्र घाईघाईने म्हणाला. "त्या दिवशी तिनं एका शेअरचे पाच केले. साडेबाराशेच्या एकाच्या जागी अडीचशेचे पाच. कोणाचं काहीच गेलं नाही. त्या दिवसाआधीचे भाव पाचानं भागून मग रेघ पाहायची असते. मी न भागता छापून आणले, चूक माझी आहे."

लखनलालचं बोट त्या पडलेल्या रेघेवरून हललं नाही. शहाण्या माणसाने इथे पोह्याकडे वळावं. पण धनेंद्रला नेमकं उदाहरण सुचलं.

"समजा, तुमची पंचवीस एकर जमीन आहे. तुम्ही पाच भाऊ. उद्या वाटणी झाली, तर एकेकाला पाच एकर. जमीन कमी झाली का?"

शेजारी बसलेल्या त्याच्या बापाने, हिरालालने, डोळे मिटून घेतले.

पाच भाऊ, पाच जावा, पोरंसोरं आणि चूल एकच. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी लखनलाल ही गोष्ट सांगायचा. वाटणी हा शब्द त्या घरात प्रसादाच्या बाबतीतसुद्धा कोणी काढत नसे.

लखनलाल उठून उभा राहिला. त्याच्यामागे चौघे धाकटे भाऊही उठले. का उठलो हे त्यांनाही नीटसं कळलं नव्हतं.

"माह्या ओसरीवर बसून वाटनीची गोठ करून राहिला? जे कंपनी वाटनी करते, तिथल्या पोराले मी पोरगी देत नसतो. उठा!"

हिरालाल चपला शोधू लागला. धनेंद्र मात्र कागद उंच धरून जवळजवळ ओरडलाच, "पण वाटणीनंतरची रेघ तरी पाहा! अडीचशेचा आज सहाशे झाला. एकेक शेअर! वाटणी झाल्यापासून सारखी वरच चालली आहे!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

लखनलालची बायको कुंता बाहेर आली. या घरात थोरली सून म्हणून आली तेव्हापासून ती कणीक मळत होती आणि आताही हाताला कणीकच होती. तिने धनेंद्रच्या हातातून कागद घेतला.

"इथं वाटनी झाली?"

"हो, काकी."

"अन् मंग हे वर गेली?"

"हो."

"पाचहीची?"

"पाचहीची."

कुंताने रेघेवरून बोट फिरवलं, खालून वरपर्यंत. कणकेचा पट्टा उमटला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"अजी, आता तुमीच सांगा. कंपनी चांगली असन तं पोरगी द्या. अन् वाटनी केली म्हनून पोराले हाकलत असान, तं मीही मांगची रेघ सांगतो आमच्या चुलीची, सगळ्याईसमोर. मंग आजच पाच चुली मांडू, अन् पाहू कोनाचा भाव वर जाते!"

दारात चार पदर दिसू लागले. चौघे धाकटे भाऊ छपराची कौलं न्याहाळू लागले. लखनलालने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मागचे भाव इतके जवळून त्याने कधी पाहिले नव्हते.

"बसा, बसा, हिरालालजी!" तो म्हणाला. "पोरगा हुशार हाये. कंपनी तं लयच चांगली हाये. सोयरीक पक्की समजा!"

उर्वशी दाराआड रडता रडता हसली. हिरालालने हातातली चप्पल खाली ठेवली. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

फक्त दारातली सगळ्यात धाकटी जाऊ, रुख्मिणी, जी लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिरासमोर एक अक्षर बोलली नव्हती, तिने त्या दिवशी पदराआडून पहिल्यांदा तोंड उघडलं. "भाऊजी, एवढी घाई कायले करता? एकदा नाही म्हनून तं पाहा!"