रक्कस उतरवताना

बासष्ट सालच्या एका भर दुपारी जानेफळच्या खळ्यावर निवृत्ती आणि शेजारचा पुंजाजी जत्रेतून आणलेले, बैल, माणसं नि राक्षस चितारलेले पत्ते खेळत होते.

"रक्कस उतरवाचा असन, तं हातातले दोन बैल फाडा लागते," पुंजाजीनं नियम सांगितला.

जिंकायच्या हावेनं निवृत्तीनं दोन्ही बैल टराटरा फाडले. मागं धप्पकन आवाज झाला. पुन्हा एकदा धप्प. खुंट्याशी त्याची ढवळी जोडी शिंगांपासून शेपटीपर्यंत उभी चिरून पडली होती.

तो उठायला गेला.

"बस बे. आता माहा डाव. माह्या रक्कसाले माणूस लागते."

पुंजाजीच्या चिमटीत लाल पागोट्यातला माणूस होता. निवृत्तीनं डोक्यावरचं लाल पागोटं चाचपलं.

पत्त्याची कड जराशी फाटली, आणि निवृत्तीच्या कपाळावरून डोळ्यांत ऊन ऊन रक्त ओघळलं.