हिचा नंबर

दुःखावर औषध शोधणं हे मानवजातीचं फार जुनं स्वप्न आहे. सध्या ते तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छतागृहाशेजारच्या खोलीत अडकून पडलं होतं. कारण म्हातारी माणसं अनोळखी फोन उचलत नव्हती. जोडीदार गेल्यावर खचलेले वृद्ध संशोधनासाठी गोळा करायचं काम ताईंकडे होतं.

त्या सकाळी इस्पितळाने नवे नंबर पाठवले आणि चमत्कार झाला. पहिला फोन लगेच उचलला गेला. दुसराही. तिसरा उचलणाऱ्याने तो कानाला लावण्याआधी घरात हाक मारली, "अगं, तुझा फोन!"

मग, "हॅलो."

ताईंनी नेहमीचं सगळं सांगून टाकलं. "काका, हा नंबर तुमचाच ना?"

"नाही. हिचा."

"आणि काकू?"

"तुम्हीच म्हणालात ना, इस्पितळातून नंबर मिळाला? मग तुम्हाला ठाऊकच असणार."

ताईंनी यादी पुन्हा पाहिली. नातेवाइकांचे नंबर द्यायचे सोडून इस्पितळाने गेलेल्यांचेच पाठवले होते.

"माफ करा काका, चूक झाली. तुमचा नंबर द्या, त्यावर करते."

"तो मी उचलत नाही. विमावाले असतात." म्हातारा घाईघाईने बोलायला लागला. "तुमचे काय ते प्रश्न विचारा. झोप नाही, भूक नाही, सगळ्याला हो लिहा. गोळ्या द्याल त्या घेतो. फक्त फोन ह्याच नंबरवर करत जा. हा वाजला की घरभर शोधावा लागतो. ही मेली कधी जागेवर ठेवायचीच नाही."

"आता इकडेतिकडे कोण ठेवतं?"

"मीच. डोळे मिटून टाकतो कुठेतरी."

ताई "बघते" म्हणाल्या आणि तशाच उठून संशोधनप्रमुख सरांकडे गेल्या. सरांनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं.

"नियमात बसत नाही. मृत व्यक्तीच्या नंबरवर फोन करायचा तर तिची लेखी संमती लागते."

"ती कुठून आणायची, सर?"

"तेच तर म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवसापासून योग्य त्या नंबरांवर फोन सुरू झाले. ते कोणी उचलले नाहीत. वर्षअखेरीला संशोधन गुंडाळलं. दुःखी माणसं पुरेशा संख्येने आढळली नाहीत, असं सरांनी वर कळवलं.