भिंतीकडची जागा

फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर मधोमध जावई आणि शेजारी, अर्धी चौकटीबाहेर, लेक.

“तर बघा बाबा, शुक्रवार, शनिवार, रविवार शर्यत,” जावई म्हणाला. “जपानला येऊन ती चुकवायची म्हणजे पापच. उरलेले दिवस माझी बहीण, मावशी, सगळ्यांकडे जेवणं. एक दिवस रिकामा ठेवलेला नाही.”

मास्तर खूश झाले. ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. स्वतः कधी चाळीसच्या वर गाडी नेली नाही, पण शर्यतीचं वेड असं, की त्या ट्रॅकचा नकाशा, बसायच्या रांगांसकट, वर्षानुवर्षं फ्रिजवर चिकटलेला. त्यातल्या एका वळणासमोर एकदा बसायला मिळालं की मेलो तरी चालेल, हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं.

“भिंगरी, आपण वळणावरच बसायचं ना?” त्यांनी लेकीला विचारलं.

“तिला कुठे आवाज सोसतो,” जावईच बोलला. “ती घरी थांबेल. आईंचं तिकीट मात्र काढतो.”

लहानपणी ही पोर शर्यतीला नेलं नाही तर जेवायची नाही. नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची.

“मी थांबते ना तिच्याजवळ,” आई म्हणाली.

“छे छे, आई. एवढ्या लांब येऊन घरात काय बसायचं? तुम्ही आमच्याबरोबरच.” तो हसत होता. लेक टेबलाकडे बघत होती.

“बरं, ठेवते मग,” म्हणून आईने रोजच्यासारखं विचारलं, “हात?”

हा त्या घरातला जुना रिवाज. शर्यतीत गाडी उलटली की चालक बाहेर येऊन आधी हात वर करतो, मी ठीक आहे म्हणून. भिंगरी सायकलवरून पडली की तसाच हात वर करायची आणि मगच भोकाड पसरायची. लग्नानंतरही प्रत्येक फोन त्या हातावरच संपायचा. मास्तरांनी नियम एकच घातला होता. खोटा हात वर करायचा नाही, कारण हात वर दिसला की कोणी धावत येत नाही.

लेकीने आईकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवरच राहिले.

जावयाला हा सगळा पोरखेळ वाटायचा. तो घड्याळ बघत होता.

मघाशी आपण खूश झालो होतो, याची मास्तरांना शिसारी आली. पण आवाज चढवला तो बायकोवर.

“जावईबापू, हिला आणि शर्यतीला? अहो, मिक्सर लावला तरी हिचं डोकं उठतं. दर फेरीला ‘चला घरी’ म्हणून माझा जीव खाईल. अजिबात नाही न्यायची. आपण दोघंच जाऊ. तिन्ही दिवस, सकाळपासून!”

“हो, मी मेली म्हणजे तुम्हाला ओझंच!” बायकोने लगेच नाक मुरडलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतकं छान खोटं कधी भांडली नव्हती.

जावई खो खो हसला. “बरं बाबा, तुमचंच खरं. जागाही तुम्हीच निवडून कळवा.”

फोन बंद झाला.

“तिचा पासपोर्ट,” बायको म्हणाली. “मागे ती इकडे यायची होती, तेव्हा सापडत नाही म्हणाला होता.”

“तुम्ही दोघी शोधा. नाहीच सापडला तर तशाच वकिलातीत जा. पण त्या घरात थांबू नका.”

“आणि तो मध्येच घरी यायला निघाला तर?”

मास्तर उठून फ्रिजपाशी गेले. त्यांचं बोट सवयीने वळणासमोरच्या रांगेवर टेकलं, जरा थांबलं, मग सरकत सरकत पार कोपऱ्यात गेलं.

“इथून तुमचं ते वळण दिसतं?” बायकोने विचारलं.

“नाही दिसत. पण इथे एका बाजूला भिंत आहे. तो भिंतीकडे बसेल, मी वाटेवर. उठायचं म्हटलं तर त्याला माझ्या अंगावरून जावं लागेल.”