वर्षाची चटणी

"यंदा मिरच्या निम्म्याच द्या," अक्काताई दुकानदाराला म्हणाल्या. एरवी त्या वर्षभराची चटणी करून ठेवायच्या. त्यांची सून वृषाली हिनं मिरच्या निवडून पिशवीत भरल्या.

सोनोग्राफीत अक्काताईंच्या पोटात सगळीकडे गाठी दिसल्यापासून घरात कॅन्सरचं नावही कुणी काढत नव्हतं. तपासायला पाठवलेल्या गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आज मिळायचा होता. पिशवी घेऊनच दोघी दवाखान्यात गेल्या.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई रिपोर्टवरून मान वर करत म्हणाल्या. "गर्भाशयात स्नायूंच्या साध्या गाठी होतात ना, तसल्याच आहेत. पोटात सगळीकडे अशा क्वचितच पसरतात, म्हणून आम्हीही धास्तावलो होतो. पाळी गेल्यापासून तुम्ही घेताय त्या हार्मोनच्या गोळ्यांनी वाढल्यात. गोळ्या आजपासून बंद. अधूनमधून तपासत राहू, लागलंच तर ऑपरेशन करू."

वृषालीला रडू फुटलं. तिनं डोळे पुसायला हात उचलला, तोच अक्काताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, मिरचीचा हात आहे! डोळ्याला लावू नकोस." त्यांनी आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. "आणि ऊठ आता. दुकान बंद व्हायच्या आत राहिलेल्या निम्म्या मिरच्या घेऊया."