हातावरचा तिळगूळ

"गाठ कधीपासून आहे?" सुनेला तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुनेशेजारी बसलेल्या द्वारकाबाईंना तो दिवस आठवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नर्सबाई आल्या होत्या, छातीत गाठ आहे का हे घरीच कसं तपासायचं ते बायकांना सांगायला. "सवाष्णींत कॅन्सरचं नाव नको, बाई!" म्हणत द्वारकाबाईंनीच त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून त्यांना वाटेला लावलं होतं. तेव्हा सून स्वयंपाकघरात कुजबुजली होती, "आई, मला त्यांना काही विचारायचं होतं."

"तसलं विचारतात का चारचौघींत? जा, वाणं वाट."

सून गप्प बसली, ती थेट दिवाळीपर्यंत.

"सांगा ना, कधी लक्षात आलं?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

सुनेनं तोंड उघडलं. पण सवयीनं आधी सासूकडे पाहिलं, बोलू का म्हणून.