मोहाखालचं बाकडं

सुतारशाळेचं दार सताड उघडं होतं आणि आत शिकणारं कोणी नव्हतं. भुशाच्या ढिगाशी वहाब मिस्त्री एकटाच बसून रंध्याचं पातं घासत होता.

"मिस्त्री, गडी कुठी गेले तुमचे?" जीपमधून उतरलेल्या गुणवंतरावांनी उंबऱ्यातूनच विचारलं. चांद्याला त्यांचा दारं-खिडक्यांचा कारखाना होता. कोळसाखाणीच्या नव्या क्वार्टरांचं काम मिळालं होतं आणि माणसं पुरत नव्हती. या सरकारी शाळेतून शिकलेले गडी निवडायला ते भल्या सकाळीच निघाले होते.

"मोहावर," वहाब म्हणाला. "फुलं गळून राह्यली ना."

"मी आज येनार म्हनून निरोप नाई भेटला?"

"भेटला. मीच म्हटलं, जा. अन् बाकडंही घेऊन जा."

"शाळा चालवून राह्यले का तमाशा?"

"चला ना, तमाशाच दाखवतो." वहाब पातं पुसत उठला. "चैतात या गड्यायले इथी कोंडून बसवलं का पटाशी लाकडात नाई जात साहेब, बोटात जाते. जीव तिकडं झाडाखाली राह्यते. म्हनून यंदा शाळाच तिकडं नेली."

गावाबाहेर, आटलेल्या नदीच्या पलीकडं मोह उभे होते. ऊन अजून कोवळं होतं. फुलं पडत होती, टप, टप. पिवळसर, रसानं टपोरी. टोपल्या घेऊन बाया-माणसं वाकली होती, आणि त्या वाकलेल्यांतल्याच कोणाच्या तरी गळ्यातून गाणं निघत होतं:

*मोह राजा उठला गं पहाटेच्या पारी,*
*झोळी त्याची फाटली, टोपली माझी भारी.*

मधल्या मोकळ्या जागेत सुतारशाळेचं बाकडं मांडलेलं होतं. शाळेतला लटारू त्यावर फळी कापत होता. पलीकडे वेचणाऱ्या सोमाजीनं टोपली खाली ठेवली, येऊन करवत धरली. लटारू गेला आणि झाडाखाली वाकला. कोणी कोणाला हाक मारली नाही. करवत जरा थांबली, तेवढंच.

बाकड्याच्या टोकाला खिडकीची एक चौकट टेकवलेली होती. गुणवंतरावांनी सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठं अडलं नाही. चौकट उचलून त्यांनी जमिनीवर आपटली. सांधा हलला नाही.

"कोनाची?"

"माझी." झाडू नावाचा गडी पुढं झाला. तिशीतला, काळा, उंच. कानामागं पेन्सिल.

"चांद्याले येतं का कामाले?"

या एका प्रश्नासाठी झाडू वर्षभर नदी उतरून शाळेत येत होता. पुराच्या दिवसांत कपडे डोक्यावर बांधून.

"येतो ना!"

"पगार देईन, राह्यले खोली देईन. पन बाराही महिने पाह्यजे. हे मोहा-बिहाचं नाई चालनार. फुलांसाठी मी कारखाना बंद नाई ठेवत."

झाडूनं मागं पाहिलं. त्याची माय, सुकरी, टोपली कमरेवर घेऊन ताठ उभी होती. तिनं मान हलवली असती, हो किंवा नाही, तर त्याला सोपं गेलं असतं.

"मंग नाई जमत, मालक."

"अबे, काऊन?"

"हे झाड आमच्या वाट्याचं हाय. माय एकटी वेचल, त अर्धं ढोरं खातीन. मंग पावसाळ्यात आमी काय खावाव? तुमच्या खिडक्या?"

पलीकडच्या झाडाखालून कोणीतरी फसकन हसलं.

गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. "दुसरा कोन येते? बारा महिने! आत्ताच्या आत्ता जीपमधी बसा."

लटारू फुलं वेचत राहिला. सोमाजीची करवत चालत राहिली.

"मिस्त्री," ते खालच्या आवाजात म्हणाले, "एकही गडी कामाले लागला नाई, त तुमची ही शाळा उठवतीन वरचे लोक. ठाऊक हाय ना?"

"हाय."

"मंग समजवा या गड्यायले."

"मी सुतारकी शिकवतो, साहेब. मोह सोडाले नाई शिकवत." वहाबनं चौकट पुन्हा बाकड्याला नीट टेकवली. "मोहाचे दिवस या गड्यायले ठेवा. बाकीचं साल तुमच्या एकाही दाराले फट दिसनार नाई, हे माझ्यावर. नाई त रिकाम्या हातानं जा. शाळा उठली, तरी बाकडं इथीच राहीन."

गुणवंतराव वळले आणि जीपकडं जाणारी जवळची वाट त्यांनी धरली. ती सुकरीच्या झाडाखालून जात होती. तिथली जमीन पालापाचोळा जाळून, झाडून आरशासारखी केलेली, आणि तिच्यावर फुलंच फुलं.

"पायतन काढा, भाऊ," सुकरी म्हणाली. "खायाची जिनस हाय."

ते थबकले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग बूट काढून हातात घेतले आणि फुलांच्या कडेला अनवाणी उभे राहिले. मागं रंध्याचा आवाज सुरू झाला. झाडू चौकटीची दुसरी बाजू तासत होता, जशी काही ती उद्याच कुठंतरी बसवायची आहे.



"हा मोह सरते कधी?" गुणवंतरावांनी विचारलं. कोणाकडंही न बघता.

सुकरीनं एक रिकामी टोपली पायानं त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"लवकर सरावा वाटते, त वाका."